शरदातले अनोळखी पाहुणे

(पक्षी सप्ताहाच्या निमित्ताने शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालीम अली यांचा. या दोन तारखांमधले दिवस महाराष्ट्र शासनाने २०२० सालापासून पक्षी सप्ताह म्हणून ठरवून दिले आहेत. सप्ताहात आठ दिवस कसे बसले, हा हिशेब कोणी विचारू नये. दोघांपैकी एकाचाही वाढदिवस वगळणे बरे दिसले नसते. सालीम अलींनी १९४१ साली आपले भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक प्रसिद्ध करून सामान्य माणसाच्या हाती पक्षी ओळखण्याचे साधन दिले. चितमपल्लींनी वनखात्याची नोकरी करता करता रानातल्या माणसांच्या तोंडची पक्ष्यांची नावे गोळा केली आणि मराठीला पक्षिकोश दिला. २०२५च्या जूनमध्ये ते गेले. एक मुंबईचा संशोधक आणि दुसरा सरकारी अधिकारी. दोघांच्याही खिशात नोंदवही असे, हे त्यांच्यातले साम्य आजच्या विषयापुरते महत्त्वाचे आहे.

मला दिलेला विषय ‘शरद ऋतूत दिसणारे दुर्मिळ व वाट चुकलेले पक्षी’ असा आहे. पक्षी ओळखणे ही या विषयाची एक बाजू झाली. ती ओळख कागदावर अशा रीतीने उतरवणे, की शंभर वर्षांनी दुसऱ्या कोणी ती वाचली तरी तिच्यावर विसंबून पाऊल टाकता यावे, ही दुसरी बाजू. आणि माझ्या मते तिचेच वजन अधिक आहे. ते का, हे पुढे खानदेशातील एका घुबडाच्या हकिगतीवरून स्पष्ट होईल.

प्रथम, दुर्मिळ पक्षी शरदातच अधिक का दिसतात, हे पाहू. उत्तरेकडील प्रदेशांत मे ते जुलै हा घरट्यांचा काळ असतो. ऑगस्ट उजाडेपर्यंत पिले उडू लागतात. म्हणजे वर्षातील पक्ष्यांची संख्या शरदाच्या तोंडावर सर्वांत मोठी असते आणि तीत फार मोठा वाटा पहिल्याच प्रवासाला निघालेल्या पिलांचा असतो. पुष्कळ जातींत ही पिले आईबापांबरोबर जात नाहीत. कोणी वाट दाखवत नसताना ती योग्य देशी पोहोचतात. २०२२च्या ऑक्टोबरात अलास्कातून निघालेला, पाठीवर यंत्र बसवलेला एक पाणथळीचा पक्षी, वय अवघे पाच महिन्यांचे, अकरा दिवसांत १३,५६० किलोमीटर अंतर कोठेही न उतरता तोडून ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटावर पोहोचला.

ही वाट पिलाला कोण शिकवते? १९५८ साली पेर्डेक या डच शास्त्रज्ञाने प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. स्टार्लिंग नावाचा, आपल्या साळुंकीच्या कुळातला एक पक्षी शरदात हॉलंडवरून नैर्ऋत्येकडे जातो आणि हिवाळा उत्तर फ्रान्स व दक्षिण इंग्लंड येथे काढतो. पेर्डेकने असे सुमारे ११,००० पक्षी हेग शहराच्या परिसरात पकडले, त्यांच्या पायांत कडी घातली, विमानाने स्वित्झर्लंडला नेले आणि तेथे सोडून दिले. ज्यांनी पूर्वी एकदा तरी हा प्रवास केला होता ते प्रौढ पक्षी दिशा बदलून आपल्या नेहमीच्या हिवाळी मुक्कामाकडे गेले. पहिल्या वर्षाची पिले मात्र तीच जुनी नैर्ऋत्य दिशा धरून उडत राहिली आणि दक्षिण फ्रान्स व स्पेन येथे जाऊन पोहोचली. पिलाजवळ जन्मतः दिशा असते. ठिकाणाची ओळख त्याला अनुभवाने होते. ती दिशाच काही अंशांनी चुकली, किंवा वाटेत वादळाने ढकलले, तर पिलू भलत्याच मुलखात उतरते. शरदात दिसणाऱ्या वाटचुकल्या पक्ष्यांत पहिल्या वर्षाची पिले बहुसंख्य असतात, ती यामुळे.

अशा चुकलेल्या जिवांचा पुढे नाशच होतो, असा समज फार काळ होता. पुष्कळांच्या बाबतीत तो खराही असेल. परंतु मध्य युरोपातील काळ्या टोपीच्या वटवट्यांपैकी काही पक्षी हिवाळ्यात स्पेनऐवजी इंग्लंडला जाऊ लागले. १९६०च्या सुमारास या हिवाळी पाहुण्यांची संख्या तेथे वाढताना दिसू लागली. पेटर बेर्टोल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवून दिले की, इंग्लंडला जाणाऱ्या पक्ष्यांच्या पिलांत ही नवी दिशा जन्मजात उतरलेली असते. काल ज्याला वाटचुकला म्हटले, त्याच्या वंशजांचा तो आज राजमार्ग झाला. तेव्हा पहिला चुकलेला पक्षी कोणी, कोठे, कोणत्या तारखेला पाहिला, ही नोंद केवळ हौसेची राहत नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. मध्य आशियातून आफ्रिकेकडे जाणाऱ्या काही जाती ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत वायव्य भारतावरून जातात. कच्छ हे त्यांचे वाटेतले ठाणे. लाल पाठीचा खाटीक, ठिपकेदार माशीमार, युरोपीय नीलपंख हे पक्षी तेथे त्या दिवसांत हटकून भेटतात. या वाटेची दक्षिणेकडची कड आपल्या राज्याला स्पर्श करते, म्हणून त्यांतले काही अधूनमधून आपल्याकडेही उतरतात. पूर्वेकडून सैबेरिया व उत्तर चीन येथले अमूर ससाणे नोव्हेंबरात येतात. या दोन वाटांखेरीज आपल्याकडे हिवाळा काढण्यासाठीच येणारे पक्षी आहेत. त्यांतल्या भोरड्या तर पाऊस पुरता सरण्यापूर्वीच दाखल होतात. पळसमैना हे त्यांचे पुस्तकी नाव. ज्वारीच्या शेतकऱ्याला त्यांचा परिचय करून देण्याची गरज नाही. सप्टेंबरात धोबी येतो, मग तुतवार आणि पाणलावे, थंडी पडू लागली की बदके. शिवाय पावसाळ्यानंतर अरबी समुद्रात होणारी चक्रीवादळे एरवी खोल समुद्रावर राहणारे पक्षी किनाऱ्यावर, कधी जमिनीवर बरेच आतपर्यंत, आणून टाकतात. कोकणातील शाळांनी वादळानंतरच्या दोन दिवसांत वाळूवर एक फेरी अवश्य मारावी.

दुर्मिळ पाहुणा ओळखण्याचा मार्ग नेहमीच्या पक्ष्याच्या ओळखीतून जातो. याचे उदाहरण म्हणून नीलपंखच घेऊ. दसऱ्याच्या दिवशी याचे दर्शन शुभ मानण्याची प्रथा उत्तर भारतात आणि आपल्या विदर्भातही आहे. (त्यासाठी काही ठिकाणी या पक्ष्याला पकडून, पिंजऱ्यात घालून दारोदार हिंडवतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे, हे पंचायत सदस्यांनी गावात सांगावे.) नेमक्या याच दिवसांत युरोपीय नीलपंख, ज्याला काश्मिरी नीलपंखही म्हणतात, आपल्या भागावरून जाण्याचा संभव असतो. दोघे आकाराने सारखे, दोघांनाही विजेच्या तारेवर बसून खालचे किडे टिपण्याची सवय. आपल्या नीलपंखाची छाती तांबूस-तपकिरी असते आणि गळ्यावर व छातीवर पांढरट रेघा असतात. पाहुण्याचे डोके, गळा, छाती आणि पोट सगळे फिकट निळे असते, पाठ बदामी. येथपर्यंत सोपे आहे. परंतु पाहुण्याच्या पहिल्या वर्षाच्या पिलाची छातीही मळकट, तपकिरी छटेची आणि रेघांची असते, आणि येण्याचा संभव पिलाचाच अधिक. तेथे घाई करणारा फसतो. अशा वेळी तो उडण्याची वाट पाहावी. आपल्या नीलपंखाच्या पसरलेल्या पंखात गडद निळ्या रंगामध्ये फिकट निळा चकचकीत पट्टा उठून दिसतो. युरोपीय नीलपंखाच्या पंखाचा पुढचा भाग फिकट निळा आणि उडण्याची मोठी पिसे काळपट असतात; तो चकचकीत पट्टा तेथे नसतो.

ज्याने आपल्या शाळेच्या तारेवरचा रोजचा नीलपंख शंभर वेळा उडताना पाहिला आहे, त्याला एकशे एकाव्या वेळी काही वेगळे दिसले तर ते खटकते. बाहेरून दुर्बीण घेऊन आलेल्या शहरी पाहुण्यापेक्षा गावातल्या शिक्षकाला असलेली ही मोठी सवलत आहे.

आता ती खानदेशची हकिगत. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते ॲलन ह्यूम आपल्या काळचे मोठे पक्षितज्ज्ञही होते. १८७३ साली त्यांनी मध्य भारतातून मिळालेल्या एका लहान घुबडाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ज्यांनी तो नमुना मिळवला त्या ब्लेविट यांचे नाव त्याला दिले. मराठीत आपण त्याला रानपिंगळा म्हणतो. पुढे मुंबई इलाख्यातील एक सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांना खानदेशात असताना याचे काही नमुने मिळाले. त्यांतला शेवटचा १८८४ सालचा. त्यानंतर हा पक्षी कोणाच्याही दृष्टीस पडल्याचा भरवशाचा पुरावा नव्हता. अपवाद एकच होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहॅगेन या नामांकित ब्रिटिश संग्राहकाच्या संग्रहातील एका नमुन्यावर ‘१९१४, तापीकाठचे मांडवी’ अशी चिठ्ठी होती. हे मांडवी गुजरातेत. साहजिकच पुढे ज्यांनी ज्यांनी शोध घेतला त्यांनी ही सर्वांत अलीकडची नोंद प्रमाण मानली. त्या दिशेने झालेले शोध निष्फळ ठरले आणि हा पक्षी बहुधा नामशेष झाला असे मानले जाऊ लागले.

१९९०च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने जुन्या नमुन्यांची पुन्हा तपासणी केली. जगातील संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे अवघे सातच नमुने होते. मेलेल्या पक्ष्याची कातडी सोलून, आत कापूस भरून नमुना तयार करण्याची प्रत्येक संग्राहकाची हाताची एक पद्धत असते. शिलाईवरून शिंपी ओळखावा तशी ती ओळखता येते. क्ष-किरणांनी १९१४च्या नमुन्याची तपासणी झाली, तेव्हा त्याच्या मूळ बांधणीत डेव्हिडसन यांचा हात दिसला. नमुना नव्याने भरून, नवी चिठ्ठी लावून तो कर्नलसाहेबांच्या नावावर चढवलेला होता. हे एकच प्रकरण नव्हते. त्यांच्या संग्रहातील कितीतरी नोंदी अशाच बनावट निघाल्या.

मांडवी वगळले, तर उरलेली सगळी ठिकाणे जुन्या, खऱ्या नोंदींची होती. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे त्या ठिकाणांचा माग काढत हिंडले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षे तो तेथेच होता. पुढे तो मेळघाटात, यावलच्या रानात आणि मध्य प्रदेशाच्या लगतच्या जिल्ह्यांतही सापडला.

या हकिगतीत दोन सरकारी माणसांच्या लेखणीचा फरक दिसतो. डेव्हिडसन यांनी नमुन्याच्या चिठ्ठीवर खरे ठिकाण आणि खरी तारीख लिहिली. शतकानंतर परदेशातून आलेली माणसे त्या चिठ्ठीच्या आधारे बरोबर त्या डोंगराच्या पायथ्याशी पोहोचली. दुसऱ्या चिठ्ठीवरच्या खोट्या शब्दांनी शोधाला चुकीच्या जिल्ह्यात नेले. दरम्यान सातपुड्याचे सागवानी रान विरळ होत होते, आणि जो पक्षी अस्तित्वातच नाही असे समजले जात होते त्याच्या रक्षणाचा प्रश्न कोणाच्याही टेबलावर येणे शक्य नव्हते. एका ओळीच्या खोट्या नोंदीची किंमत त्या पक्ष्याने किती मोजली, याचा हिशेब आता मांडता येणार नाही.

असे प्रकार इतरत्रही घडले आहेत. इंग्लंडमध्ये हेस्टिंग्ज या गावाच्या आसपास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे तीनचार दशके इतक्या दुर्मिळ पक्ष्यांची नोंद झाली, की संशय यावा. नमुने बहुतेक एकाच पेंढा भरणाऱ्याच्या दुकानातून गेलेले. संग्राहक चांगली रक्कम मोजत, म्हणून परदेशांतले पक्षी आणून ते स्थानिक म्हणून खपवले गेले असावेत. १९६२ साली संख्याशास्त्राच्या कसोटीवर त्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २९ पक्षिप्रकारांची नावे ब्रिटनच्या यादीतून काढून टाकण्यात आली. त्याआधी तीन वर्षे, १९५९ मध्ये, तेथील अभ्यासकांनी दुर्मिळ नोंदींची छाननी करणारी समितीच स्थापन केली होती. आज नमुन्यासाठी पक्षी मारत नाहीत, रक्कमही मोजत नाहीत. मोबाइलवरील चित्राला मिळणारी वाहवा हेच आताचे मोल. आणि दुसऱ्या जिल्ह्यात काढलेले चित्र आपल्या तलावाचे म्हणून पुढे धाडण्याचा मोह त्या पेंढा भरणाऱ्याच्या मोहाहून फारसा निराळा नाही.

रानपिंगळ्याच्या ओळखीबद्दलही दोन शब्द सांगतो, कारण सातपुड्यालगतच्या तालुक्यांतील काही मंडळी समोर बसली आहेत. गावातल्या वडाच्या ढोलीत राहणारा साधा पिंगळा सर्वांच्या परिचयाचा. त्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा, चोच व पंजे अधिक दणकट, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा. आणि तो दिवसाउजेडी पानगळ झालेल्या सागाच्या शेंड्यावर खुशाल बसतो. सातपुडा हेच त्याचे घर असे समजले जात असता २०१४ साली तो ठाणे-पालघरकडील तानसा अभयारण्यात आढळला. नेहमीच्या क्षेत्रापासून इतक्या दूरची नोंद एरवी कोणी सहज मान्य केली नसती. छायाचित्रे होती, म्हणून शंकेला जागा राहिली नाही.

आता नोंद कशी करावी. अनोळखी पक्षी दिसला की पुस्तक उघडण्याची घाई करू नये. आधी लिहावे, मग पुस्तक. पुस्तकातले चित्र एकदा पाहिले की डोळ्यांना न दिसलेल्या खुणाही आठवू लागतात. साक्षीदाराला आरोपीचा फोटो आधी दाखवण्यासारखे ते आहे. आकार लिहिताना सेंटिमीटरांत पडू नये. चिमणीएवढा, साळुंकीहून मोठा, घारीपेक्षा लहान, असे लिहिले की कोणालाही कळते. चोच, पाय, पंखांवरचे पट्टे, शेपटीची ठेवण. जे दिसले ते लिहावे आणि जे दिसले नाही ते ‘दिसले नाही’ असेच लिहावे. उजेड कसा होता, अंतर किती, किती वेळ पाहिला, सोबत कोणते पक्षी होते, तो काय करीत होता. तारीख, वेळ आणि जागा; जागा म्हणजे नुसते गाव नव्हे, तर गावाच्या कोणत्या बाजूचा पाझर तलाव किंवा कोणता माळ. बरोबर कोण होते, तेही. मोबाइलने घेतलेले चित्र अस्पष्ट असले तरी ठेवून द्यावे. आणि शेवटी मत लिहावे: ‘अमुक पक्षी होता’, ‘अमुक असावा’ किंवा ‘ओळखता आला नाही’. माझ्या दृष्टीने तिसऱ्या प्रकारच्या नोंदीची किंमत पहिल्या प्रकारच्या घाईच्या नोंदीहून पुष्कळ अधिक आहे, कारण वर्णन चांगले असेल तर दुसरा कोणी पुढे तिच्यावरून ओळख पटवू शकतो.

दोन गोष्टींची सावधगिरी बाळगावी. पांढरा कावळा किंवा पांढरी चिमणी दिसली की गावात गर्दी होते. ती नवी जात नसते. पिसांतील रंगद्रव्याच्या अभावाने तसे घडते. तसेच पिंजऱ्यातून सुटलेले परदेशी पोपट व रंगीत चिमण्या हे वाटचुकले प्रवासी नव्हेत. आणि खरोखरच दुर्मिळ पक्षी उतरला, तर त्याच्याभोवती जत्रा भरू देऊ नये. दमून भागून आलेल्या जिवाला प्रथम अन्न आणि विश्रांती हवी असते. चांगल्या चित्रासाठी त्याला पुन्हा पुन्हा उडवणे किंवा त्याचा आवाज यंत्रावर वाजवून जवळ बोलावणे हा पाहुणचार नव्हे.

या नोंदी ठेवायच्या कोठे, असा प्रश्न येथे कोणी विचारील. पक्षी नोंदवण्यासाठी आता संगणकावर सोय आहे, आणि जिज्ञासूंनी तिचा लाभ जरूर घ्यावा. पण पंचायतीजवळ स्वतःचे दप्तर आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. मी ज्या काही नोंदवह्या चाळल्या त्यांत पक्ष्यांचे पान बहुधा कोरडे दिसले: मोर, पोपट, कावळा, चिमणी, इत्यादी. एका तालुक्यात तर तीन गावांच्या नोंदवह्यांत एकाच पक्ष्याचे नाव एकाच प्रकारे चुकलेले होते, तेव्हा नक्कल कोठून झाली हे विचारण्याची गरज उरली नाही. वही भरली, शेरा मिळाला, कपाट बंद झाले. वस्तुतः शाळेतील सातवी-आठवीच्या मुलांनी शरदाचे तीन महिने आठवड्यातून एकदा अर्धा तास तलावावर काढला, तर त्या पानाला खरा अर्थ येईल. पहिला धोबी कोणत्या तारखेला आला एवढेच दहा वर्षे ओळीने लिहिलेले असले, तरी त्या गावाजवळ संशोधकाला हेवा वाटावा असे काही असेल.

याचा संबंध विकासाच्या कामाशी कसा येतो, तेही सांगितले पाहिजे. आपल्या महसुली भाषेत माळाला ‘पडीक’ म्हणतात. पडीक म्हटले की तेथे झाडे लावावीत, असे सर्वांनाच वाटते. हेतू चांगलाच असतो. परंतु सोलापूर-अहिल्यानगरकडील ज्या माळांवर माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य घोषित करावे लागले, ते असेच उघडे गवताळ माळ होते. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी रात्री अशाच गवतात जमिनीवर उतरून झोपतात आणि दिवसा शिवारातील नाकतोडे व टोळ खातात. त्या गवतात खड्डे खणून रोपे लावली, तर भोवत्यांचा मुक्काम उठतो आणि कोरड्या माळावर रोपेही धड जगत नाहीत. वृक्षलागवडीचा ठराव मांडला जाईल त्या दिवशी ‘या माळावर गेली पाच वर्षे नोव्हेंबर ते फेब्रुवारी इतके भोवत्या उतरतात’ अशी तारीखवार नोंद ग्रामसभेपुढे असली, तर चर्चा निराळी होईल आणि झाडांसाठी दुसरी जागा निघेल. नोंद नसेल तर माळ पडीकच राहील. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथील जलाशय गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळे, म्हणजे सिंचनाच्या कामातून, निर्माण झाला. १९८६ साली तो अभयारण्य झाला आणि २०२०च्या प्रारंभी महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाला. तेथे येणाऱ्या पक्ष्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी हाताशी नसत्या, तर त्या पाण्याचा दावा कोणत्या आधारावर मांडला असता?

कडी घातलेल्या पक्ष्यांविषयी एक सूचना. मेलेल्या किंवा जखमी पक्ष्याच्या पायात धातूचे कडे आढळले, तर त्यावरील आकडे व अक्षरे जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. भारतात चढवलेल्या कड्यांवर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे, अशी सूचना कोरलेली असते. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था अशा नोंदी सांभाळते. पाठीवर लहान यंत्र असलेला पक्षी दिसला तर तो हेर असल्याची आवई उठते. २०२४च्या नोव्हेंबरात कर्नाटकातील कारवारला एका गिधाडाविषयी अशीच शंका घेतली गेली. ते आपल्याच ताडोबाकडील, संशोधनासाठी यंत्र बसवलेले गिधाड निघाले. पोलीस पाटलांनी अशा वेळी प्रथम वनखात्याला कळवावे आणि पक्ष्याला इजा होऊ देऊ नये.

पक्षी सप्ताह १२ तारखेला संपेल. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा सुरू झालेल्या असतील, आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात अमूर ससाण्यांचे थवे आपल्या आकाशातून जातील. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाच्या परिसरात २०१२ साली त्यांची मोठ्या प्रमाणावर शिकार होत असल्याचे उघडकीस आले, आणि तेथल्या ग्रामस्थांनीच पुढाकार घेऊन ती थांबवली. २०१३च्या नोव्हेंबरात तेथे काही ससाण्यांवर यंत्रे बसवण्यात आली, तेव्हा ते भारतीय द्वीपकल्प ओलांडून, अरबी समुद्र पार करून आफ्रिकेत जातात हे सिद्ध झाले. समुद्रावर झेप घेण्यापूर्वीचा त्यांचा जमिनीवरचा शेवटचा भाग म्हणजे आपला सह्याद्री आणि कोकण. लोणावळ्याच्या परिसरात त्यांना पाहण्यासाठी आता लोक मुद्दाम जातात. पण ते इतर घाटमाथ्यांवरूनही जात असणार, आणि तेथे पाहणारे कोणी नाही. पारव्यापेक्षा जरा लहान, लांब टोकदार पंखांचा. नर गडद राखी, मांड्या तांबूस, पाय व डोळ्याभोवतीचे कडे नारिंगी-लाल, आणि उडताना पंखांच्या खालची पुढची बाजू पांढरीशुभ्र. मादीच्या पांढुरक्या पोटावर काळे ठिपके व पट्टे. एकटा न दिसता बहुधा थव्याने दिसतो आणि हवेत उडणारे चतुर व वाळव्या उडता उडताच पकडतो. दुपार कलल्यावर टेकाडावर, वाऱ्याच्या बाजूला तोंड करून उभे राहावे. संख्या अंदाजे लिहिली तरी चालेल, मात्र ती अंदाजे आहे असे शेजारी लिहावे.